फूल कोमेजायच्या आत

गोव्याच्या फिरंग्यांकडे जी दुर्मीळ चीज दिसेल ती विकत घे, किमतीची घासाघीस करत बसू नकोस, असा जहांगीर बादशहाचा मुकर्रबखानाला हुकूम होता. १६१२ साली खान गोव्याची खरेदी आटोपून दरबारात हजर झाला, तेव्हा सामानात काही चमत्कारिक जनावरं आणि पक्षी होते. त्यातल्या एका पक्ष्यानं बादशहाला वेड लावलं. लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. माजावर आला की डोकं आणि गळा पोवळ्यासारखा लालभडक, थोड्या वेळानं कापसासारखा पांढरा, मध्येच फिरोजी. जहांगीरानं हे सगळं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आपण ज्याला आज टर्की म्हणतो तो हा पक्षी. अमेरिकेतला हा जीव पोर्तुगीजांच्या गलबतांवरून समुद्र ओलांडून आला आणि गोव्यामार्गे मोगल दरबारात पोचला.

त्याच ठिकाणी जहांगीरानं आपल्या पणजोबांना हळूच एक टोमणा मारला आहे. बाबरानं जनावरांची वर्णनं छान लिहिली, पण चित्रकारांना ती काढायला सांगितली नाहीत. मी सांगितली, कारण ऐकून जेवढं नवल वाटतं त्याहून पाहून जास्त वाटतं.

हुकूम ज्याच्याकडे गेला असं मानतात तो उस्ताद मन्सूर. टर्कीचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी बाजूनं, अख्खा, एकटा उभा. मागे रान नाही, आभाळ नाही. गळ्याची लोंबती कातडी आणि तिच्यावरच्या गाठी इतक्या जीव ओतून रंगवल्या आहेत की पाहणाऱ्याला किंचित शिसारी यावी. मला ती शिसारी महत्त्वाची वाटते. चित्र सुंदर करण्याच्या नादात मन्सूरनं त्या पक्ष्याला गोंडस केलेलं नाही.

निसर्ग आणि चित्रकार असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगरमाथ्यावर चित्राचा घोडा मांडून बसलेला, सूर्यास्त पाहून भारावलेला माणूस येतो. हे चित्र युरोपातून आलं आणि आपल्याकडे जलरंगांच्या वर्गांतून रुजलं. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण या देशात झाड, फूल, पाखरू सगळ्यात बारकाईनं पाहिलं गेलं ते नोकरीत. कुणीतरी वर बसून सांगितलं, हे काढ. माणसानं मांडी घातली, कागद पुढ्यात ओढला आणि काढलं. महिन्याचा पगार घेतला. त्याला प्रेरणा झाली होती का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. चित्रं मात्र सांगतात.

मन्सूरला जहांगीरानं ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे युगातला अद्वितीय, असा किताब दिला. १६२० साली बादशहाची स्वारी काश्मीरला गेली, तेव्हा मन्सूरनं तिथली शंभराहून अधिक फुलं काढल्याची नोंद आहे. त्यातली बहुतेक नाहीशी झाली. रानटी लाल ट्यूलिपचं एक चित्र उरलं आहे, ते अलीगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयात. १६२१ मध्ये अॅबिसिनियाकडून झेब्रा आला. अंगावरचे पट्टे कुणी रंगवले असतील अशी लोकांना शंका आली, म्हणून ते नीट तपासून पाहिले गेले. मग मन्सूरनं झेब्रा काढला. सेंट पीटर्सबर्गच्या एका संग्रहात १९५८ साली अभ्यासकांच्या नजरेस आलेलं डोडोचं एक चित्र आहे. त्यावर सही नाही, पण ते मन्सूरचं मानतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं सुरतेत डोडो पाहिल्याचं लिहिलं आहे, तेव्हा हा पक्षी हिंदुस्थानात आला होता यात शंका नाही. पुढे त्याच शतकात डोडो पृथ्वीवरून संपला. जिवंत डोडो पाहून रंगवलेली चित्रं जगात मोजकीच. त्यांपैकी एक मोगल कारखान्यात तयार झालं.

या नजरेला दुसरी बाजूही आहे. १६१८ साली इनायतखान नावाचा दरबारी अफूच्या आणि दारूच्या व्यसनानं मरणपंथाला लागला. कातडी हाडांना चिकटलेली. जहांगीराला ते दृश्य इतकं विलक्षण वाटलं की त्यानं चित्रकारांना बोलावून त्याचं चित्र काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी खान वारला. लोडांना टेकून बसलेला तो माणूस आणि गोव्याहून आलेली टर्की, दोघांकडे पाहणारा डोळा एकच. कुतूहलात दया असतेच असं नाही. निसर्गप्रेमाच्या गोड गप्पा ऐकल्या की मला इनायतखान आठवतो.

दरबारी चित्रकाराचं एक बरं होतं, त्याला नाव मिळालं. पुढच्या शतकांत ही कामं बादशहाकडून डॉक्टरांकडे गेली. मसाला आणि औषध यांच्या मागे आलेल्या कंपन्यांना झाडं ओळखायची होती. मलबारच्या डच गव्हर्नरानं, व्हान ऱ्हीडनं, ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो अॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्या कामात कोचीचे तीन कोंकणी ब्राह्मण होते: रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. त्यांनी दिलेली साक्ष कोंकणीत, नागरी अक्षरांत ग्रंथात छापली आहे. गोव्यातून परागंदा झालेल्या समाजाचे हे वैद्य. झाडांचे गुण त्यांच्या तोंडून आणि केरळच्या इट्टी अच्युतन यांच्याकडून घेतले गेले. पुढे लिनिअस या वनस्पतीशास्त्रज्ञानं इथल्या झाडांना नावं दिली, तेव्हा यातल्या कित्येक झाडांसाठी त्याच्यापुढे वाळलेली फांदीही नव्हती, होती फक्त या ग्रंथातली चित्रं. आजही त्यांपैकी अनेक नावांचा शास्त्रीय आधार म्हणजे ती छापील पानंच आहेत.

आता मराठी राज्यात येऊ, पण सह्याद्रीकडून नव्हे, कावेरीकडून. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढले. त्यांना शस्त्रक्रियेत रस, छपाईत रस, प्राण्या-पक्ष्यांत रस. सरस्वती महालातल्या मराठी पोथ्यांमुळे आपण त्यांना ग्रंथवेडे राजे म्हणून ओळखतो. पण निसर्गाची चित्रंही त्यांनी हौसेनं काढून घेतली. त्यांतला एक संच त्यांनी बेंजामिन टोरिन या इंग्रज रेसिडेंटला भेट दिला, तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. ही चित्रं काढणारी मंडळी तंजावरच्या कलमातली. सोन्याचा वर्ख लावून बाळकृष्णाचे गुबगुबीत गाल रंगवणाऱ्या परंपरेतला हात माशाच्या खवल्यांवर फिरला. देवाच्या दागिन्यातला एकेक खडा भरायची सवय त्याला खवल्यांपाशी कामी आली.

याच गावातून रंगय्या निघाला. रॉबर्ट वाइट हा स्कॉटिश डॉक्टर मद्रास इलाख्यात वनस्पतींचा अभ्यास करत होता. १८२० च्या दशकात त्यानं रंगय्याला कामावर ठेवलं आणि पुढे वीसेक वर्षं ठेवलं. त्याच्यानंतर गोविंदू आला. दोघांच्या चित्रांवरून वाइटनं दगडावर उतरवून ‘आयकोनेस’ नावाचा ग्रंथ छापला, दोन हजारांहून अधिक चित्रांचा. मूळ चित्रं पाहिली तर एक गंमत दिसते. युरोपी चित्रकार फांदीला कागदावर हवा देतो, सावली टाकतो, एखादं पान मुडपून पाठ दाखवतो. रंगय्याची फांदी कागदभर पसरते, काठापर्यंत जाते आणि तिथे अडली की वळते. झालरीत वेल भरायची असते तशी. साहेब लोक या चित्रांत सावली नाही, यथादर्शन नाही अशी कुरकुर करत. पण वनस्पतीशास्त्राला सावली फारशी नकोच असते. सावलीखाली केस लपतात, शिरा लपतात. देशी कलमाची जी उणीव समजली गेली, ती या कामाला पथ्यावर पडली.

हे काम कसं चालतं, ते थोडं सांगायला हवं, कारण सगळा पीळ त्यातच आहे. फांदी तोडली की घड्याळ सुरू होतं. आधी फुलाचा रंग पकडायचा, कारण तो पहिला जातो. केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून विरघळून जातं. तेरड्याच्या पाकळ्या हात लागताच लोळागोळा होतात. पानं तुलनेनं धीराची, ती पाण्यात ठेवली तर संध्याकाळपर्यंत थांबतात. शेवटी खोड. मग भिंगाखाली फूल चिरायचं. पुंकेसर किती, कुठे चिकटलेले, बीजांडकोशात कप्पे किती, हे कागदाच्या तळाशी मोठं करून काढायचं. साहेबाला वर्गीकरणासाठी लागे ते तळाशीच. वरची रंगीत फांदी म्हणजे एका अर्थी सजावट. पण चित्रकाराचा जीव गुंतलाय तो वर.

आता दापोडी. पुणे-लोणावळा लोकलनं जाणाऱ्याला दापोडी म्हणजे एसटीचं वर्कशॉप, लष्कराची अभियांत्रिकी संस्था आणि हॅरिस पुलावरची वाहनांची रांग. इथे एकेकाळी मुंबई सरकारची वनस्पती बाग होती हे दापोडीकरांनाही फारसं ठाऊक नसतं. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा कॅप्टन फोर्ड याचं ठाणं इथे होतं. १८१७ च्या खडकीच्या लढाईत दापोडीची ही पलटण इंग्रजांच्या बाजूनं उतरली. पेशवाई बुडाली आणि दहा-बारा वर्षांत फोर्डच्या बंगल्यात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा पावसाळी मुक्काम सुरू झाला. बंगल्याभोवती १८२८ मध्ये बाग उभी राहिली.

१८३८ साली बागेचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. आधी तो दख्खनभर देवीची लस टोचत फिरला होता. त्याला मराठी बोलता येत होतं. जुन्नरजवळ हिवऱ्याला आणखी एक बाग होती, तिथे औषधी झाडं पिकवून त्यांचे अर्क सरकारी दवाखान्यांना पुरवले जात. मात्र गिब्सनचं खरं दुखणं जंगलाचं होतं. जहाजांसाठी आणि कोळशासाठी कोकणातली झाडं सरसकट तुटत होती. डोंगर उघडे पडले की पाण्याचे झरे आटतात, हे तो सरकारला पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली.

आणि त्याच वर्षी त्यानं दापोडीच्या बागेत एक चित्रकार बसवला.

१८४७ ते १८५० या काळात त्या माणसानं दीडशेहून जास्त झाडं रंगवली. काही सह्याद्रीतली, काही समुद्रापलीकडून आणून लावलेली. तो पोर्तुगीज-हिंदी होता, एवढीच त्याची ओळख उरली आहे. नाव नाही. गोव्याचा? वसईचा? मुंबईतल्या कुठल्या वाडीतला? चित्रं एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात गेली आणि तिथेच राहिली. २००२ साली हेन्री नोल्टी या अभ्यासकानं त्यांवर सुंदर पुस्तक केलं, तेव्हा दापोडीचं नाव निदान वनस्पतीशास्त्रज्ञांच्या तोंडी परत आलं.

त्या पुस्तकातली चित्रं पाहताना दोन गोष्टी जाणवतात. एक, हा हात दरबारी कलमात तयार झालेला नाही. तंजावरची ती भरगच्च झालर इथे नाही. फांदी मोकळी आहे, पानं आपापल्या वजनानं झुकली आहेत. चर्चची चित्रं पाहत वाढलेल्या माणसाचा हा हात असावा असा माझा कयास आहे, त्याला पुरावा नाही. दोन, परदेशी फुलझाडं आणि इथलं रानटी झुडूप यांना त्यानं सारख्याच आदरानं वागवलं आहे. गव्हर्नरांच्या पाहुण्यांना दाखवायची फुलं कोणती आणि बांधावरचं तण कोणतं, हा भेद कागदावर उरत नाही. गिब्सनचा हुकूम तसा असेल कदाचित. पण हुकुमानं झाड निवडता येतं, पानावरची लकाकी निवडता येत नाही.

एका गोष्टीकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. असं वनस्पतिचित्र हुबेहूब असतं, तरीही तशी फांदी कुणी कधी पाहिलेली नसते. पळस घ्या. फाल्गुनात तो निष्पर्ण उभा राहून पेटतो. पानं नंतर येतात, चपट्या शेंगा आणखी मागून. पण वनस्पतिचित्रात फूल, पान, शेंग सगळं एका कागदावर हवं असतं. त्यासाठी फुलं काढून कागद बाजूला ठेवायचा आणि पुन्हा त्याच झाडाकडे जायचं. काटेसावर, पांगारा यांचंही तसंच. कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. हुकला तो हुकला. झाडाशी खरं राहायचं तर त्याचे तीन महिने एका क्षणात आणून बसवावे लागतात. कॅमेऱ्याला हे जमत नाही. तो एका दिवसाचा एक पळस दाखवतो, पाच पाकळ्यांपैकी एक किड्यानं खाल्लेली असेल तर तीही. चित्रकार ती पाकळी पुरी करतो, कारण त्याला हा पळस दाखवायचा नसतो, पळस दाखवायचा असतो. इथे माझी थोडी पंचाईत होते. मला ती किड्यानं खाल्लेली पाकळीही हवी असते. मन्सूरनं ती कदाचित ठेवली असती.

म्हणूनच डिजिटल छायाचित्रांच्या काळातही वनस्पतीशास्त्राचे शोधनिबंध रेषाचित्राशिवाय अपुरे वाटतात. सह्याद्रीच्या कातळ सड्यांवर आजही नवीन वनस्पती सापडतात. गेंद, कंदीलपुष्प, तेरडा अशा गटांत दोन जाती वेगळ्या ठरतात त्या केसाएवढ्या फरकावरून, आणि तो फरक काळ्या शाईतच नीट कळतो. कासच्या पठारावर सप्टेंबरात सेल्फी घेणाऱ्यांची झुंबड असते. त्या गर्दीत गुडघे टेकून भिंग लावलेला एखादा विद्यार्थीही असतो. सीतेच्या आसवांचं फूल पाहायला तेवढं खाली जावंच लागतं. पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र, आघारकर संस्था, मुंबईच्या सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, इथल्या कपाटांत वाळवलेली हजारो झाडं आहेत. वाळलेल्या झाडाचा रंग तपकिरी. रंग राहिला तो चित्रांत. पक्ष्यांकडे वळलं तर गोव्याचे कार्ल डिसिल्वा यांचं नाव घ्यायलाच हवं. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांतली त्यांची चित्रं खिशात घेऊन दोन पिढ्या रानात हिंडल्या.

दापोडीची बाग पुढे फार टिकली नाही. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत नवा राजवाडा बांधायला काढला, तोच आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. १८६५ च्या सुमारास दापोडीचं पर्व संपलं. गणेशखिंडीची वनस्पती बाग १८७३ मधली. ती शाबूत आहे आणि २०२० साली राज्य सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरवलं. पुण्याच्या वाहतुकीत तिचं फाटक चटकन दिसत नाही, हे एका परीनं तिच्या पथ्यावरच पडलं आहे.

नावांचा हिशेब इथे मजेशीर होतो. गिब्सननंतर वनसंरक्षक झालेल्या डाल्झेलनं जुन्नर भागातल्या कड्यांवर वाढणारी एक मांसल, गडद लाल चांदणीसारख्या फुलाची वनस्पती १८६५ मध्ये जगापुढे आणली. तिच्या जातभाईंना पानं नसतात. हिला पावसाळ्यात पानं फुटतात आणि उन्हाळ्यात झडतात. मराठीत ती शिंदळ माकुडी. शिवनेरीमुळे अलीकडे शिवसुमनही म्हणतात. डाल्झेलनं तिच्या प्रजातीला गव्हर्नरसाहेबांचं नाव दिलं: फ्रेरिया. नंतर शास्त्रज्ञांनी ती वेगळी प्रजाती मानायची की नाही यावर वाद घातला आणि काहींनी तिला दुसऱ्या प्रजातीत घातलं, पण साहेबांचं नाव जातीच्या नावात टिकलंच.

चित्रकारांच्या वाट्याला हे भाग्य क्वचित आलं. वाइटनं मात्र एक चांगली गोष्ट केली. गोविंदूच्या कामाची कदर म्हणून त्यानं एका ऑर्किडला त्याचं नाव दिलं, ‘गोविंदूइया’. पगारी चित्रकाराच्या नावानं अख्खी प्रजाती. पुढे अभ्यासकांनी ते ऑर्किड ट्रॉपिडिया या आधीच्या प्रजातीत जमा केलं. पण वनस्पतींच्या नामकोशात रद्द झालेलं नाव खोडत नाहीत, त्याला समानार्थी म्हणून पुढच्या नावाखाली ठेवतात. गोविंदू तिथे बारीक अक्षरांत आहे.

कलकत्त्याच्या लेडी इंपीकडे १७७७ ते १७८२ या काळात पक्षी आणि जनावरं रंगवणारे शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास आपली नावं फारसीत चित्राच्या कोपऱ्यात लिहून गेले. २०१९ च्या अखेरीस लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये कंपनीकाळातल्या या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ‘कंपनी शैली’ हे मालकाचं नाव बाजूला ठेवून चित्रकारांची नावं भिंतीवर आली. दोनशे वर्षं उशिरा का होईना.

दापोडीच्या माणसाला मात्र तिथेही नाव असू शकलं नसतं. त्याचं नाव शोधायचं तर चित्रांत शोधून उपयोग नाही. गिब्सन सरकारी नोकर होता आणि चित्रकाराचा पगार सरकारी मंजुरीशिवाय निघाला असेल असं वाटत नाही. मुंबई इलाख्याचे जुने कागद मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. बागेच्या खर्चाच्या पत्रकांत, माळी, पखाली आणि बैलांच्या चाऱ्यानंतर, ड्राफ्ट्समन, दरमहा अमुक रुपये, अशी एखादी ओळ असण्याचा संभव मला चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांपेक्षा जास्त वाटतो. कुणी तरुण संशोधक विषय शोधत असेल तर १८४७ पासून सुरुवात करावी.